‘रा.वन’मधली लाल साडी

संपादकीयाचं पान सिनेमावर खर्च करायची आपल्या अंकाची रीत नाही. त्यात हा सिनेमा जुना, मारामारीचा आणि पाहिलेल्या बहुतेकांची निराशा केलेला. तरीही या वेळी ‘रा.वन’विषयी लिहिते आहे. यंदा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर तो मी दुसऱ्यांदा पाहिला. खरं तर पाहायला गेलेच नव्हते. बचत गटाच्या हळदीकुंकवाचे लाडू वळायचे होते, म्हणून गेले होते. सिनेमा चालू असताना तिथे जे बोलणं झालं, तसं आमच्या शिबिरांत क्वचितच होतं. शिबिरात आम्ही विचारतो आणि बायका आम्हाला हवं असलेलं उत्तर देतात. इथे कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा पाहिला तो २०११ च्या दिवाळीत, मुंबईत. मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला होते. २६ ऑक्टोबरला तो लागला आणि वसतिगृहातल्या आम्ही सहाजणी पैसे साठवून गेलो. त्याआधी कित्येक महिने रस्त्यावर, टीव्हीवर, पिशव्यांवर, जिथे पाहावं तिथे निळ्या पोशाखातला शाहरुख खान होता. हिंदीत तोवर निघालेल्या सर्वांत खर्चिक सिनेमांमधला हा एक. दिग्दर्शक अनुभव सिन्हा. गोष्ट लंडनमधल्या शेखर सुब्रमण्यम या संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या माणसाची. त्याचा मुलगा प्रतीक बापाला बावळट समजतो. त्याला नायक आवडत नाहीत, खलनायक आवडतात. मुलाला खूश करायला बाप कधी न हरणारा खलनायक बनवतो, त्याचं नाव रा.वन, म्हणजे रावण. मुलगा खेळ अर्धवट सोडतो. अपुरा डाव पुरा करायला खलनायक खेळातून बाहेर येतो आणि बापाला मारून टाकतो. मग खेळातला नायक जी.वन, म्हणजे जीवन, हाही बाहेर येतो. त्याला शेखरने आपलाच चेहरा दिलेला असतो. मुलगा आणि त्याची आई सोनिया भारतात येतात, यंत्र त्यांची राखण करतं. पुढे सुसाट लोकल, काचांचा चुराडा, शेवटची झुंज. बाहेर पडताना आमच्यातली एक म्हणाली, ‘‘एवढ्या पैशांत माझ्या गावाला धरण झालं असतं.’’ त्यापलीकडे कोणाला काही बोलावंसं वाटलं नाही.

आता वाडीवर. ओटीवर टीव्ही, त्याला पोरांनी कुठूनसा पेन ड्राइव्ह आणून लावलेला. आत आम्ही नऊजणी. तीळ भाजून झाले होते, शेंगदाण्याचं कूट तयार होतं, चुलीवर चिकीच्या गुळाचा पाक चढला होता. पाकाची पारख ज्या बाईच्या हाताला सर्वांत चांगली, ती चुलीपाशी. तिचं नाव मी लिहिणार नाही. वाडीत मी तिला वैनी म्हणते, इथेही तेच म्हणते. तिचा नवरा मुंबईला चाकरीला होता, पाच वर्षांपूर्वी तिथेच वारला. लाडवांचा पाक वैनी करणार, वाणाच्या वाट्या ती मोजणार, गटाचा हिशोबही तिच्याच वहीत. फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी ती येत नाही. येऊ नको असं तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगायची वेळच येत नाही, तीच त्या दिवशी लाकडं आणायला रानात जाते.

सिनेमा सुरू झाला आणि बारा वर्षांच्या एका पोराने निकाल देऊन टाकला, ‘‘हे कार्टून हाय.’’ ज्या करामतींना त्या वर्षीचा विशेष दृश्यांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, त्या आता मोबाइलवर रोज खेळ खेळणाऱ्या मुलाला हलक्या वाटतात. त्यात सिनेमाचा फार दोष नाही. यंत्राच्या करामती दूध नासावं तशा नासतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला टोचलं ते दुसरंच.

सिनेमाच्या सुरुवातीला मुलाच्या स्वप्नातला एक प्रसंग आहे. एका ‘देसी गर्ल’ला गुंडांनी पकडलेलं, तिला सोडवायला नायक येतो, आणि त्याच्याशी लढायला चिनी वेशातल्या तीन बहिणी. त्यांची नावं: इसकी ली, उसकी ली, सबकी ली. हिंदीतला हा घाणेरडा श्लेष फोडून सांगायला नको. ओटीवरची पोरं खिदळली. नववीतली एक मुलगी कपात चहा ओतत होती, तिने मान खाली घातली आणि आत निघून आली. मी गुळाचा हात तसाच धरून बसले, कारण मला २०११ आठवलं. तेव्हा चित्रपटगृह हसलं होतं आणि त्यात मीही होते. स्त्री-अभ्यासाचा पेपर घेतलेली मी, सहाजणींच्या रांगेत बसून, मनापासून हसले होते. बाईच्या अंगावर जबरदस्ती करण्याच्या शब्दाला तीन बायकांची नावं करून दाखवली, आणि तो विनोद लहान मुलाच्या स्वप्नात घातला, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. याच सिनेमातली सोनिया, म्हणजे करीना कपूर, शिव्यांवर अभ्यास करते आहे. शिव्या नेहमी आईवरून, बहिणीवरूनच का असतात, बापावरून, भावावरून का नाहीत, असा तिचा प्रश्न. हा प्रश्न आपल्या चळवळीने किती वर्षं विचारला आहे! शाळाशाळांतून आम्ही मुलांना त्यावर बोलतं करतो. असा विषय व्यापारी सिनेमाच्या नायिकेला द्यावा, हे त्या वेळी मोठंच. पण दिला तो चेष्टेपुरता. ती शिव्या उलटवून देते, आपण हसायचं, संपलं. ज्यांनी तिला हा अभ्यास दिला, त्यांनीच त्या तीन बहिणींची नावं ठेवली, आणि दोन्ही गोष्टी एका सिनेमात आहेत हे कोणाला खटकलं नाही. खेळ बनवणाऱ्यांत जेनी नावाची एक जाणकार बाईही आहे, शहाना गोस्वामीने केलेली. गोष्ट तिच्या हातात फार वेळ राहत नाही.

नवरा मेल्यानंतरच्या भागात ‘छम्मक छल्लो’ हे गाणं येतं. आठवत असेल तुम्हाला, अनेक लग्नांच्या वरातीत ते वाजलं. त्यात सोनिया लाल साडी नेसते, भडक लाल. गाणं लागलं तशी आतली सगळी मंडळी दारात येऊन उभी राहिली, हातात अर्धे वळलेले लाडू. त्या घरच्या काकू, वय सत्तरीच्या पुढे, म्हणाल्या, ‘‘अगं, हिचा नवरा मेला ना मघाशी?’’

‘‘मेला की.’’

‘‘मग लाल कशी नेसली?’’

कोणी काही बोललं नाही. मग काकूंची सून म्हणाली, ‘‘आई, सिनेमा हाय तो.’’ चुलीपाशी एकटी राहिलेली वैनी तिथूनच म्हणाली, ‘‘सिनेमात तरी नेसू दे.’’

ती हे अगदी सहज म्हणाली, पाक ढवळत. पण त्यानंतर दारातली गर्दी पांगली आणि सगळ्या परत परातीभोवती बसल्या. बोलणं त्या यंत्राच्या नवऱ्यावर गेलं. एक म्हणाली, हा जेवत नाय, पीत नाय, दमत नाय. दुसरी म्हणाली, हात उगारला तरी दुसऱ्यावर. तिसरीने विचारलं, ‘‘गटातून कर्ज काढलं तर किती हप्ते पडतील गं?’’ हसून हसून लाडू फुटले. पाक निवला की लाडू वळत नाहीत, म्हणून वैनी ओरडली तेव्हा कुठे हात चालू लागले.

मग वाडीवरची आशा कार्यकर्ती बोलली. बारावी झालेली, लग्न होऊन चार वर्षं झालेली पोर. ‘‘पण नवऱ्याचंच तोंड हाय ना समोर, म्हणून चालतं. तो यंत्राचा गडी दुसऱ्या कुठल्या तोंडाचा असता, नाहीतर कोणीच नसता, आणि मग ती लाल नेसली असती, तर दाखवलं असतं का?’’

मैत्रिणींनो, हा सिनेमा मी दोनदा पाहिला, माझ्याकडे पदवी आहे, आणि हे मला सुचलं नव्हतं. लाल साडी दिसली तेव्हा मी मनातून त्या सिनेमाला थोडे गुण देऊनसुद्धा टाकले होते: बघा, विधवेला लाल नेसवलं आणि कोणी चकार शब्द काढला नाही. पण ते गुण खोटे. खेळातून माणूस बाहेर येतो, एकाचा चेहरा दुसरा घेतो, खलनायक हवं ते रूप धरतो, अगदी सोनियाचंसुद्धा. म्हणजे कल्पनेला अडसर कुठेच नव्हता. पण नवरा गेलेली बाई नवऱ्याच्या चेहऱ्यावाचून जगते, कमावते, मुलगा वाढवते, हसते, नाचते, एवढी कल्पना मात्र करवली नाही. तिच्या दाराशी त्याच चेहऱ्याचा कोणीतरी उभा करावाच लागला.

वैनीने यावर एकच वाक्य जोडलं. ‘‘आमचा शिमग्याला आणि गणपतीला यायचा. वर्षात दोनदा. मेल्यावर कुंकू मात्र तीनशे पासष्ट दिवसांचं गेलं.’’ महाड-पोलादपूरकडच्या वाड्यावस्त्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. इथली घरं पिढ्यान् पिढ्या बायकांनी चालवली. भात त्यांनी लावला, गुरं त्यांनी सांभाळली, म्हातारी माणसं त्यांनी पोसली. चाकरमानी मनिऑर्डर पाठवायचा, हल्ली फोनवरून पैसे पाठवतो. नवऱ्याचा चेहरा समोर नसताना जगायचं कसं, हे या बायकांनी तो जिवंत असतानाच शिकून घेतलेलं असतं. तरी तो गेला की त्या अशुभ.

या ठिकाणी माझी एक चूक सांगते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आम्ही उत्साहात होतो. २०२३ च्या जानेवारीत महाडमध्ये आम्ही विधवांचं हळदीकुंकू ठेवलं. अकराजणी आल्या. भाषणं झाली, कुंकू लावलं, फोटो काढला, तो स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला. त्यातल्या एकीच्या दिराने तो पेपर घरात सगळ्यांसमोर तिच्या पुढ्यात टाकला. पुढे कितीतरी दिवस त्या घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. तिची मुलगी वयात आलेली, तिच्या लग्नाचं निमित्त करून तिला आणखी बोलणी. महिन्याभराने ती मला बाजारात भेटली आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही आमची वेगळी पंगत मांडलीत.’’

महाडमध्ये वेगळी पंगत आणि वेगळा पाणवठा या शब्दांचा अर्थ मला कोणी शिकवायला नको होता. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायला गेली, ती वेगळं तळं मागायला नव्हती गेली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथेच मनुस्मृती जाळली. त्या ग्रंथात विधवेने फुलं, मुळं, फळं खाऊन देह झिजवावा आणि दुसऱ्या पुरुषाचं नावही घेऊ नये, असं सांगितलं आहे. दर वर्षी २५ डिसेंबरला आम्ही हा दिवस स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो आणि भाषणात हे सांगतो. आणि सांगणाऱ्या आम्हीच अकराजणींची वेगळी ओळ करून फोटो काढला.

आमच्या संपादक गटातल्या काहीजणींचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, कुंकू हीच नवऱ्याच्या मालकीची खूण. ती विधवांनाही वाटत बसण्यापेक्षा सवाष्णींनी सोडावी, हळदीकुंकू हा प्रकारच बंद करावा. मला यातला तर्क पटतो. मी स्वतः कुंकू लावत नाही. पण मी न लावणं ही माझी निवड आहे, वैनीचं न लावणं ही तिची शिक्षा आहे, आणि दोघींची कपाळं दिसायला सारखीच दिसतात. वाडीवर वर्षातून एकदा बायका शेतातल्या कामाशिवाय, कोणाच्या मरणाशिवाय एकत्र बसतात, तो हा दिवस. तो बंद करा असं मी त्यांना सांगू शकत नाही. त्या बैठकीत कोण बसणार, यावर मात्र भांडू शकते.

यंत्रमानवांच्या आपल्याकडच्या सिनेमांत ‘रा.वन’ काही एकटा नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, शंकर यांचा ‘एंदिरन’ आला, हिंदीत ‘रोबोट’. त्यातला यंत्रमानव चिट्टी ‘रा.वन’मध्येही पाहुणा म्हणून डोकावून जातो. ‘रोबोट’मधला आगीचा प्रसंग तुम्हाला आठवतो का? पेटलेल्या इमारतीतून चिट्टी माणसं वाचवतो. त्यात न्हाणीघरात असलेल्या एका मुलीला तो तशीच उचलून सगळ्यांसमोर आणतो. कॅमेरे रोखलेले. लाजेने ती पळत सुटते आणि गाडीखाली जाऊन मरते. पुढे सिनेमाभर चर्चा कशाची, तर यंत्राला भावना नाहीत याची. मग शास्त्रज्ञ यंत्राला भावना शिकवतो. कॅमेरे रोखणाऱ्या माणसांना काही शिकवावं, असं कोणाला वाटत नाही. ती मुलगी यंत्राच्या शिक्षणासाठी मेली. तो सिनेमा ‘रा.वन’पेक्षा कितीतरी चांगला जमलेला होता आणि लोकांनी डोक्यावर घेतला, म्हणून हे जास्तच टोचतं.

उद्याच्या जगाची कल्पना बाईने केली तर ती कशी असते, याचं एक जुनं उदाहरण आपल्याकडे आहे. रोकेया सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम बाईंनी १९०५ मध्ये इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाज ड्रीम’. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. त्या गोष्टीतल्या देशात बायका ढगांतून पाणी काढतात, सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात, त्याच उष्णतेने शत्रूला परतवतात. आणि पुरुष घरात, पडद्याआड. तेव्हा संगणक नव्हता, बाईंच्या आजूबाजूच्या बहुतेक घरांत वीजही नसेल. १९०९ मध्ये त्यांचे पती वारले. त्यांनी मुलींची शाळा काढली, १९११ मध्ये ती कलकत्त्यात नव्याने सुरू केली. शाळेला नाव पतीचं दिलं. आशा कार्यकर्तीला हे सांगितलं तर ती म्हणेल, बघा, इथेही नवराच. म्हणू दे. पण ती शाळा रोकेयाबाईंनी चालवली.

त्या दिवशी वाडीवर काकू मात्र ऐकायला तयार नव्हत्या. रीत ती रीत, म्हणाल्या, आणि आपली सासू काय म्हणाली असती ते सांगू लागल्या. तेव्हा आशा कार्यकर्तीने पाचाडचं नाव काढलं. रायगडाच्या पायथ्याचं पाचाड आमच्याच महाड तालुक्यात, तिथे जिजाऊंची समाधी आहे. वाडीवरच्या सगळ्या बायका तिथे एकदा तरी जाऊन आल्या आहेत. ती म्हणाली, ‘‘शहाजीराजे गेले त्यानंतर दहा वर्षं जिजाऊ होत्या. राज्याभिषेकाला त्यांना रानात लाकडं आणायला पाठवलं होतं का?’’ काकूंनी लाडू वळायचा थांबवला. वैनीनेही मान वर केली, कारण तिचं त्या दिवशी रानात जाणं कोणाच्या लक्षात येतं, हे तिला बहुधा प्रथमच कळलं. काकू म्हणाल्या, ‘‘त्या राजाच्या आई होत्या.’’ यावर सून हळूच म्हणाली, ‘‘वैनीपण कोणाची तरी आईच हाय.’’ एवढ्यात वीज गेली आणि सिनेमा शेवटाआधीच बंद पडला.

अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसलो. शेवटी गटाच्या वहीत वैनीनेच, तिच्याच अक्षरात, एक ओळ लिहिली: वाण सर्व सभासदांना देणे, कुंकवाचा करंडा मधे ठेवणे, ज्यांना लावायचं त्यांनी आपल्या हाताने लावणे. नऊपैकी सातजणींनी सह्या केल्या. काकूंनी अंगठा दिला नाही, पण ओटी आपल्याच घरची वापरा असं म्हणाल्या.

हळदीकुंकवाला मी गेले होते. वैनी आली. कोपऱ्यात बसायला निघाली होती, सुनेने हात धरून मधे बसवली. करंडा फिरत तिच्यापर्यंत आला तेव्हा तिने हळद घेतली. कुंकवापाशी बोट थांबलं. ‘‘पुढल्या वर्षी बघू,’’ म्हणाली आणि करंडा पुढे सरकवला. दोघीजणी वाण न घेताच उठून गेल्या, त्यातली एक वैनीची सख्खी जाऊ. तिळाचे लाडू मात्र सगळ्यांच्या घरी पोचले. ते वैनीच्या पाकाचे होते, आणि ते कोणी परत केल्याचं ऐकलं नाही.

मला परतायचं होतं. एसटीच्या थांब्यापर्यंत वैनी सोबत आली. वाटेत तिने विचारलं, ‘‘ताई, त्या सिनेमातल्या बाईचं पुढं काय झालं?’’ मी सांगितलं की यंत्राचा नवरा शेवटच्या मारामारीत संपतो, आणि सहा महिन्यांनी तिचा मुलगा त्याला पुन्हा तयार करून परत आणतो.

‘‘म्हणजे परत तोच,’’ वैनी म्हणाली. मग तिने वाकून पायातला काटा काढला, आणि वळणावर एसटी दिसली.